पत्र्याच्या पेटीतले दप्तर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. ती साधने त्यांना कोठे मिळाली, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ती मिळाली लोकांच्या घरी; माळ्यावर, बळदात, अंधाऱ्या कोठीत, कसर लागलेल्या रुमालांत. त्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले, घरमालकांच्या विनवण्या केल्या. १९१० साली त्यांच्याच पुढाकाराने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग छापून निघाले.

हे सारे मी वाचले ते युनियनच्या कचेरीत, एक मीटिंग उरकून दुसरी सुरू होईपर्यंतच्या वेळात. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. पण वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ही दप्तरे ज्या घरांत सापडली ती घरे सरदारांची, देशमुख-देशपांड्यांची, कुलकर्ण्यांची, सावकारांची होती. ते स्वाभाविकच आहे. ज्याला वतन राखावयाचे असते तो सनद जपतो. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी इनाम कमिशनला अधिकार दिले, आणि ज्याला समाधानकारक कागद दाखविता आला नाही त्याच्या इनामावर गदा आली. कागदाची किंमत त्या घरांना त्या वेळी पुरती कळली. माझ्या-तुमच्यासारख्यांचे पणजे त्या दप्तरांत असलेच, तर वेठीला किती माणसे लागली त्या आकड्यात असतील. नावानिशी क्वचित.

मग प्रश्न असा, की कष्टकऱ्याच्या घरी दप्तर असते काय? माझे उत्तर आहे, असते. ते पत्र्याच्या पेटीत असते. पलंगाखाली, देवाच्या फळीमागे, नाही तर लग्नात आलेल्या सुटकेसमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीला रबर लावून ठेवलेले असते. फरक एवढाच, की या दप्तराला घरचे लोकही दप्तर म्हणत नाहीत. ‘बाबांची जुनी कागदं’ म्हणतात, आणि घर बदलताना ती पहिल्याने रद्दीत जातात.

कामगाराचे नाव कागदावर कसे चढत गेले, हा आपल्या इतिहासातला एक न लिहिलेला अध्याय आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्या काळी जॉबर तोंडाने कामावर घेई आणि तोंडानेच घरी पाठवी. अशा माणसाने स्वतःचे नाव एका मागणीखाली घातले, ही लहान घटना नव्हे. पण त्याच्या घरी त्या अर्जाचा तुकडाही उरला नाही.

त्यानंतर हळूहळू कागद आले. १९३६ चा वेतनाचा कायदा आला आणि पगाराची नोंदवही सक्तीची झाली. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि चाळीतल्या खोलीत कोण कोण जेवते याची यादी प्रथमच सरकारदरबारी लागली. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कामगार कायम की बदली, हे लिहून ठेवणे भाग पडले. १९४८ च्या कारखाना कायद्याने भरपगारी रजेचा हक्क दिला, त्याबरोबर रजेचे कार्ड आले. राज्य विमा योजनेचा कायदाही त्याच वर्षीचा. मुंबईत ती योजना १९५४ मध्ये आली. १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला, १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा. कायद्यांची ही जंत्री परीक्षेसाठी पाठ करावी म्हणून मी देत नाही. यांतील प्रत्येक कायद्यामागे सभा आहेत, संप आहेत, आणि काही जणांनी खाल्लेल्या लाठ्या आहेत. आणि प्रत्येक कायद्याने कामगाराच्या पेटीत एकेक कागद टाकला. आपल्या सनदा त्या ह्याच.

आता वारसनोंदीचा फॉर्म घ्या. फंडाचा असो वा ग्रॅच्युइटीचा, त्यात कामगाराने आपल्या मागे पैसे कोणाला द्यावयाचे ते लिहिलेले असते. बायकोचे नाव, मुलांची नावे, नाते, वय, कधी गावचा पूर्ण पत्ता. नाशिक-त्र्यंबकेश्वरी क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात हे आपण जाणता. पण त्या वहीत बाईचे नाव शोधून पाहा, म्हणजे किती पाने उलटावी लागतात ते कळेल. वारसाच्या फॉर्मात ती पहिल्या ओळीत असते. विमा योजनेत पुढे पुढे कुटुंबाचा फोटो लावण्याची पद्धत आली. भांडुपला, घाटकोपरला अशी घरे मी पाहिली आहेत, जेथे आजोबा, आजी आणि मुले एकत्र दिसतात असा एकमेव फोटो त्या विम्याच्या कार्डावरचा आहे, आणि त्यावर साहेबाच्या शिक्क्याची निळी कड आजीच्या खांद्यावरून गेलेली आहे.

उपनगरांत याला आणखी एक कागद जोडावा लागतो. १९७६ साली मुंबईतील झोपड्यांची गणना झाली आणि त्यानंतर फोटोपास दिले गेले. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनासाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली, नंतर ती १ जानेवारी २००० झाली. त्या तारखेपूर्वी आपण येथे होतो, हे ज्याला कागदाने दाखविता आले त्याला घर मिळाले. जुने लाइटबिल ज्याने जपले तो शहाणा ठरला.

गिरणीकामगारांच्या घरांचा प्रश्न तर या विषयाचा मूळ धडाच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप विधिपूर्वक कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटल्या. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनीतील काही वाटा कामगारांच्या घरांसाठी ठरला, आणि १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर जो नोकरीवर होता तो किंवा त्याचा वारस पात्र, असा नियम झाला. अर्ज आले सुमारे दीड लाख. २०१२ च्या सोडतीत घरे निघाली ६,९२५. तोवर तीस वर्षे लोटली होती. कामगार कोकणात, घाटावर, कल्याण-विरारपलीकडे पांगले होते. कित्येक वारले होते. गिरणीचे हजेरीपट कोठे गेले ते विचारायला गिरणीच उरली नव्हती. अशा वेळी तिकीट, ओळखपत्र, विम्याचे कार्ड, फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी यांपैकी जे हाती लागेल त्यावर सारे अवलंबून राहिले. दीडशे वर्षांनी आमच्याही वाट्याला इनाम कमिशन आले म्हणा ना!

जातीच्या दाखल्यांतही तेच. पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे विचारले जातात. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला नातवाच्या प्रवेशासाठी लागतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जन्म-मृत्यूची रजिस्टरे, शाळांची रजिस्टरे, कोतवाल बुके उघडली गेली. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा आजचा विषय नव्हे. मला त्यात दिसले ते एवढेच, की मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी मागणी आली, आणि ज्या पानाचे छायाचित्र अंधुक निघाले होते त्या पानावर एका अक्षरावरून तासन् तास खल झाला.

येथून मी माझ्या मुद्द्यावर येतो.

आपला कागद तीन गोष्टींनी जातो. एक, पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी कुर्ल्यात, कलिन्यात घरांत शिरली; तळमजल्याची, झोपडपट्टीची, नाल्याकाठची सारी वस्ती बुडाली. माणसे गेली, गुरे गेली, त्यांचा हिशेब झाला. किती पत्र्याच्या पेट्या बुडाल्या याची मोजदाद कोणी केली नाही. पण त्यानंतर कित्येक महिने आमच्या कचेरीत माणूस आला की पहिले वाक्य ठरलेले असे: ‘कागद होता, पण पावसात गेला.’ दुसरी गोष्ट, आग. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. जेथे राज्याचे कागद राहतात तेथे ही गत, तर आपल्या घराचे काय? तिसरी गोष्ट सर्वांत संथ आणि सर्वांत नेमकी: घर बदलणे. चाळ पाडली, संक्रमण शिबिरात गेलो, तेथून मनोऱ्यात आलो. दर खेपेस पेटी हलकी झाली. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावर जेथे भोंगा वाजत असे तेथे आज मॉल व मनोरे आहेत. त्या कारखान्यांच्या कचेऱ्यांतील कागद त्यांच्याबरोबर गेले. उरली ती कामगाराच्या हातातली प्रत.

म्हणून तिचे चित्र घेऊन ठेवा, असे मी गेली काही वर्षे सभांतून सांगतो. लोक हसून म्हणतात, ‘साहेब, घेतलंय की मोबाईलवर.’ घेतलेले असते हे खरे. पण ते वाचता येते काय?

एका बाईंची हकीकत सांगतो. यजमान वारले होते, कारखाना बंद पडून पंधरा वर्षे झाली होती, आणि फंडाच्या पावतीचे चित्र मुलाच्या मोबाईलवर होते. मूळ पावती भिंतीच्या ओलीने कुजून गेलेली. चित्र कोणी तरी रात्री ट्यूबलाइटखाली घेऊन व्हॉट्सॲपवर पुतण्याला धाडले, पुतण्याने मुलाला धाडले. त्यात खातेक्रमांकाचा एक आकडा ३ आहे की ८, ते कळेना. मोठे करून पाहिले तर आकड्याच्या जागी चौकोनी डागच दिसू लागले. दोन्ही आकडे घालून अर्ज केले. दोन्ही परत आले, कारण आणखी एक आकडा आम्ही १ म्हणून वाचत होतो तो ७ होता. अखेर त्याच दिवशी कामाला लागलेल्या एका मित्राची पावती विक्रोळीला सापडली. एका दिवशी भरती झालेल्यांचे नंबर बहुधा ओळीने पडतात. त्यावरून अंदाज बांधला आणि तो बरोबर निघाला. पण यात सात महिने गेले. चित्र नीट असते तर एक दुपार लागली असती.

चित्र नीट असणे म्हणजे काय, ते समजून घेण्यास शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. चित्र ठिपक्यांचे बनते. जगभरच्या दप्तरखान्यांतून छापील वा हाती लिहिलेल्या कागदासाठी इंचाला तीनशे ठिपके हे किमान माप धरतात. अर्जाच्या नेहमीच्या ए-फोर कागदाला या हिशेबाने रुंदीत सुमारे २,४८० आणि उंचीत ३,५०८ ठिपके लागतात. आजच्या साध्या मोबाईलचा कॅमेराही, कागद चौकटीत पुरता भरला तर, एवढे ठिपके देतो. म्हणजे हत्यार आपल्या खिशात आहे. पण तेच चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडले की ते आकसते. लांब बाजू दीड-दोन हजार ठिपक्यांवर येते, इंचाला तीनशेचे दीडशेच्या आसपास होतात, आणि ३ चा ८ होतो. धाडायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावे, किंवा तारेने संगणकावर उतरवून घ्यावे.

फ्लॅश लावू नये. चकाकीखाली नेमका शिक्काच पुसला जातो. सकाळी खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, कागद सपाट ठेवावा, मोबाईल त्याच्या बरोबर वर धरावा, तिरपा नव्हे. हात थरथरत असेल तर दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या रचून वर काच ठेवावी आणि काचेवर मोबाईल. आमच्या एका कार्यकर्त्याने दोन स्टुलांवर ही सोय केली आहे आणि ती कोणत्याही दुकानी यंत्रापेक्षा वाईट नाही. चित्र घेतल्यावर लगेच, कागद समोर असतानाच, त्यातले सर्वांत बारीक अक्षर मोठे करून वाचून पाहावे. वाचता आले नाही तर पुन्हा घ्यावे. चित्र रंगीत घ्यावे. स्कॅन करण्याची जी ॲपे मिळतात ती कागद पांढराशुभ्र करून देतात, त्यावर पुष्कळ जण खूश असतात. पण त्या सफाईत फिकट शिक्का, पेन्सिलीची खूण आणि जांभळी शाई नाहीशी होते. ते चित्र अर्जाला लावण्यास ठीक, जपण्यास नव्हे. जेपेग जातीचे चित्र दर खेपेस कापून, फिरवून पुन्हा साठविले की थोडे झिजते. तेव्हा पहिले चित्र जसेच्या तसे बाजूला ठेवावे आणि छाटाछाट त्याच्या नकलेवर करावी. ज्यांच्याकडे स्कॅनर आहे त्यांनी टिफ या जातीत साठवावे. जागा जास्त लागते, पण झीज नाही.

लॅमिनेशनचा एक रोग आपल्याकडे पसरला आहे. जुना दाखला प्लॅस्टिकमध्ये तापवून बंद केला की तो पुन्हा सुटत नाही, आणि चकाकीमुळे त्याचे चित्रही धड निघत नाही. रजिस्टरच्या गुळगुळीत पातळ कागदावर, एटीएमच्या पावत्यांसारख्या, उष्णतेने उमटलेली जी अक्षरे असतात ती तर आपोआप उडतात. त्यांचे चित्र आजच घ्यावे.

मग नाव. ‘आयएमजी’ आणि पुढे आठ आकडे, या नावाचे चित्र दहा वर्षांनी कोणास सापडणार? आधी साल, मग महिना, मग माणसाचे नाव, मग कागदाचा प्रकार, अशा क्रमाने नाव दिले की चित्रे आपोआप आयुष्याच्या ओळीत लागतात. शेजारी एका फाइलीत कागदावर काय लिहिले आहे ते टंकून ठेवावे, जसे राजवाड्यांनी मोडीचे बाळबोध केले तसे. नावातला फरकही तसाच ठेवावा. रेशनकार्डावर ‘शिवराम’, फंडात ‘शिवाजी’, शाळेत ‘शिवा’ असेल तर सुधारू नये. तीन नावांचा तो एक माणूस आहे हे पुढे पटवून देण्यास ती तिन्ही नावे लागणार आहेत.

एका ठिकाणी ठेवलेले म्हणजे ठेवलेले नव्हे. तीन प्रती असाव्या, निदान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. घाटकोपरचे पाणी एकाच वेळी चिपळूणच्या घरात शिरण्याचा संभव कमी. पेन ड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यातले जाऊ शकते, म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई काढाल त्या दिवशी, सारे उघडून पाहावे. अमेरिकेतील युटा संस्थानात वंशावळींचा छंद जडलेल्या एका पंथाने १९३८ पासून जगभरचे कागद सूक्ष्मचित्रपटावर घेतले, आपल्या हरिद्वारच्या वह्याही त्यांतून सुटल्या नाहीत. २०२१ पर्यंत त्या सुमारे २४ लाख रिळांची संगणकीय चित्रे करून झाली. त्यांच्याजवळ डोंगर पोखरून केलेली तिजोरी आहे. आपल्याजवळ मेहुणा आहे, तो पुरे.

मूळ कागद मात्र फेकू नये. चित्र म्हणजे मूळ नव्हे. कचेरीत आणि कोर्टात मूळ मागतात, आणि मागणे योग्यही आहे. तसेच आधारचा क्रमांक, बँकेचे खाते ही माहिती असलेली चित्रे सर्व नातेवाइकांच्या गटात टाकू नयेत. कुटुंबाचा इतिहास सर्वांचा, पण खातेक्रमांक एकट्याचा.

आणि कागदाची पाठ. ती कोणी घेत नाही. आमच्या कचेरीत आम्ही महिन्यातून एका रविवारी लोकांची कागदे चित्रात घेऊन देतो. तेथे एक तरुण आजोबांचे रजेचे कार्ड घेऊन आला. समोरच्या बाजूस काही विशेष नव्हते. जून १९६७ मध्ये बारा दिवस रजा, फोरमनची सही. उलटून पाहिले तर पाठीवर पेन्सिलीने काही तरी लिहिलेले, इतके फिकट की कागद मळला आहे असेच वाटावे. कार्ड खिडकीशी नेले, उजेड एका बाजूने कागदाला घासून जाईल असे धरले, तेव्हा ओळी उठल्या. मनिऑर्डर चाळीस. भाताचे बियाणे. बैलजोडीचे भाडे. आक्कास लुगडे. खाली बेरीज, आणि बेरजेखाली ‘उसने’ असे लिहून एक नाव.

तरुण पुष्कळ वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘बियाणं? म्हणजे तेव्हा आमची जमीन होती?’ घरात हे कोणी बोलले नव्हते. गेल्या महिन्यात तो संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या गावी जाऊन तलाठ्याकडे जुन्या फेरफाराची नक्कल मागून आला. ‘उसने’पुढचे नाव आम्हांला अजून नीट लागलेले नाही, पहिले अक्षर ‘ध’ असावे किंवा ‘घ’. पुढच्या रविवारी तो मूळ कार्ड पुन्हा आणणार आहे.